म्हादईचे पाणी आणि खाजनांचे मीठ

म्हादई जलतंटा लवादाचा निवाडा २०१८ साली झाला. कर्नाटकास मलप्रभेच्या खोऱ्यात ३.९ टीएमसी पाणी वळविण्याची मुभा मिळाली आणि तेव्हापासून वाद गाजला तो आकड्यांचाच. परंतु वर्षाच्या आकड्यावरून उन्हाळ्यातील नदी कळत नाही, हे आम्हांस येथे आवर्जून सांगावयाचे आहे.

हीच म्हादई गोव्यात मांडवी होते. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी तिचे दुहेरी रूप दाखवून दिले आहे. पावसाळ्यात नदीवर गोड्या पाण्याचे राज्य असते. पाऊस सरला की वरचा प्रवाह आटतो आणि सुमारे ५० किलोमीटर आतवर जाणाऱ्या भरतीचा अंमल सुरू होतो. तिच्याबरोबर खारेपणाही वर सरकतो. त्याला थोपविण्यास उरतो तो उगमाकडून येणारा क्षीण ओघ.

याच खाऱ्या पाण्याच्या काठी आमच्या पूर्वजांनी बांध घालून खाजने पिकविली. मानशीचे दार भरतीच्या रेट्याने मिटते, ओहोटीला आपोआप उघडते. खारटपणा सोसणारे कोरगूट भात त्यांनी जोपासले. हेही संशोधनच होते. त्याचे ग्रंथ झाले नाहीत, एवढेच.

आज या दोन विद्यांची गाठ पडली पाहिजे. सरकारने फेब्रुवारी ते मे या काळात नदीकाठच्या गावोगावी खारेपणाची नियमित मोजणी करावी व तिचे आकडे पंचायतीच्या फलकावर लावावेत. न्यायासनापुढे गोव्याची बाजू भाषणांनी नव्हे, अशा नोंदींनीच भक्कम होईल. नदीला आई म्हणणाऱ्यांनी तिची नाडीही पाहावयास नको काय?