विश्लेषण : सापडलेले पाकीट परत का केले जाते? कायदा काय सांगतो?

रिक्षाचालकाने प्रवाशाची विसरलेली पर्स पोलीस ठाण्यात जमा केली, एसटीच्या वाहकाने दागिन्यांची पिशवी परत केली, अशा बातम्या आतल्या पानावर नेहमी दिसतात. सोबत फोटो, शाल, श्रीफळ आणि ‘प्रामाणिकपणा अजून शिल्लक आहे’ असा मथळा. या मथळ्यात एक गृहीत दडलेले असते. सापडलेले पैसे माणूस सहसा ठेवूनच घेतो आणि परत करणारा अपवाद असतो, हे ते गृहीत. ते कितपत खरे आहे?

१७ हजार पाकिटांचा प्रयोग काय होता?

झुरिक, मिशिगन आणि युटा विद्यापीठांतील चार संशोधकांनी ४० देशांतील ३५५ शहरांमध्ये १७ हजारांहून अधिक पाकिटे ‘हरवली’. त्यात भारतही होता. या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. बँक, नाट्यगृह, टपाल कार्यालय, हॉटेल, पोलीस ठाणे अशा ठिकाणी जाऊन संशोधकांचा माणूस काउंटरवर पाकीट द्यायचा. ‘बाहेर रस्त्यावर सापडले, मला घाई आहे, तुम्ही बघा’ असे सांगून तो निघून जायचा. पाकीट पारदर्शक होते. आत मालकाचे नाव व ईमेल असलेली कार्डे, वाणसामानाची यादी आणि एक किल्ली असे. काही पाकिटांत पैसे नव्हते, तर काहींत सुमारे साडेतेरा डॉलर इतक्या मोलाचे स्थानिक चलन होते. काउंटरवरचा कर्मचारी मालकाशी संपर्क साधतो का, एवढेच पाहायचे होते.

निष्कर्ष अनपेक्षित का ठरले?

पैसे नसलेल्या पाकिटांपैकी सुमारे ४० टक्के पाकिटांबाबत मालकाला कळवण्यात आले. पैसे असलेल्या पाकिटांबाबत हे प्रमाण सुमारे ५१ टक्के होते. म्हणजे मोह वाढला, तसा प्रामाणिकपणाही वाढला. अमेरिका, ब्रिटन आणि पोलंडमध्ये रक्कम सुमारे ९४ डॉलरपर्यंत नेल्यावर तर ७२ टक्के लोकांनी मालकाला कळवले. सामान्य लोकांना आणि अर्थतज्ज्ञांनाही आधी अंदाज विचारला होता. सामान्य लोकांना वाटले होते की रक्कम वाढेल तसे परत करणारे कमी होतील. अर्थतज्ज्ञांचा अंदाजही बरोबर आला नाही.

संशोधकांच्या मते याची कारणे दोन. पहिले, दुसऱ्याविषयीची कणव. किल्ली मालकाच्या उपयोगाची असते, सापडणाऱ्याच्या नाही. तीन देशांत किल्ली नसलेली पाकिटेही ठेवून पाहिली, तेव्हा परतीचे प्रमाण सुमारे नऊ टक्केबिंदूंनी घटले. दुसरे आणि अधिक प्रबळ कारण म्हणजे स्वतःच्या नजरेत चोर ठरण्याची भीती. रिकामे पाकीट बाजूला पडले तर तो विसराळूपणा म्हणून खपतो. नोटांनी भरलेले पाकीट ठेवून घेतले तर माणसाला स्वतःलाच वेगळे नाव द्यावे लागते.

या प्रयोगावर आक्षेपही आले. ईमेल केला नाही म्हणजे अप्रामाणिक, हे मोजमाप सगळीकडे लागू होते का? चीनमधील संशोधकांनी नंतर असाच प्रयोग केला. अनेकांनी ईमेल पाठवला नव्हता, पण पाकीट जपून ठेवले होते, मालक शोधत येईल म्हणून. आपल्याकडेही दुकानदार सापडलेली वस्तू गल्ल्याजवळ ठेवतो आणि ‘कोणी विचारत आले तर देऊ’ म्हणतो. त्यामुळे देशांची क्रमवारी लावून कोणाला प्रामाणिक, कोणाला लबाड ठरवण्यात अर्थ नाही.

भारतीय कायदा काय सांगतो?

‘सापडले ते माझे’ हा नियम कायद्याला मान्य नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२च्या कलम ७१ नुसार वस्तू सापडलेली व्यक्ती ती ताब्यात घेते, तेव्हा तिच्यावर ठेव सांभाळणाऱ्याइतकी जबाबदारी येते. कलम १६८ तिला काही हक्कही देते. वस्तू जपण्यासाठी आणि मालक शोधण्यासाठी केलेला खर्च मिळेपर्यंत ती वस्तू स्वतःकडे ठेवता येते. मात्र त्या खर्चासाठी दावा लावता येत नाही. मालकाने ठरावीक बक्षीस जाहीर केले असेल, तर त्यासाठी मात्र दावा करता येतो.

फौजदारी बाजू भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ मध्ये आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या या कलमानुसार दुसऱ्याची वस्तू अप्रामाणिकपणे स्वतःसाठी वापरल्यास किमान सहा महिने ते कमाल दोन वर्षे कैद आणि दंड होऊ शकतो. जुन्या दंड संहितेतील कलम ४०३ मध्ये किमान शिक्षा नव्हती. परत करण्याच्या हेतूने पाकीट उचलणे हा गुन्हा नाही. मालक कोण हे ठाऊक असताना किंवा शोधणे शक्य असताना, पुरेसा प्रयत्न न करता ते वापरणे हा गुन्हा आहे. कायद्यातील उदाहरणानुसार रस्त्यावर सापडलेला, कोणाचा ते न कळणारा एक रुपया उचलणे गुन्हा ठरत नाही. आधार कार्ड आत असलेल्या पाकिटाबाबत मात्र ‘मालक कसा शोधणार’ ही सबब टिकणे अवघड आहे.

मग अडते कुठे?

अडते ते परत करण्याच्या वाटेवर. जपानमध्ये सापडलेली वस्तू नाक्यावरच्या छोट्या पोलीस चौकीत देता येते. तिची नोंद होते, मालकाकडून साधारण ५ ते २० टक्के बक्षीस मिळू शकते आणि तीन महिन्यांत मालक आला नाही तर बहुतेक वस्तूंवर सापडणाऱ्याला हक्क सांगता येतो. म्हणजे चांगुलपणाला व्यवस्थेची जोड आहे. आपल्याकडे पोलीस ठाण्याची पायरी चढायची म्हटले की ‘नसती चौकशी मागे लागेल’ ही धास्ती आधी येते. रेल्वे सुरक्षा दलाच्या ‘ऑपरेशन अमानत’मधून प्रवाशांचे विसरलेले सामान परत केले जाते. अशी ठरलेली, सोपी, पोचपावती देणारी खिडकी प्रत्येक बस आगारात, बाजारपेठेत आणि पोलीस ठाण्यात असायला हवी.

यूपीआयच्या काळात हे अधिक तातडीचे आहे. पाकिटात आता नोटा कमी आणि कागद जास्त असतात. आधार, पॅन, वाहन परवाना, रेशन कार्डाची प्रत, रोजंदारीवरच्या मजुराचे ओळखपत्र. प्रयोगाचा धडा असा की, रिकामे पाकीट परत करण्याची टोचणी कमी असते. ‘यात काय आहे?’ म्हणून ते कोपऱ्यात पडते. पण ज्याचे कागद गेले त्याला नवे काढण्यासाठी रोज बुडवून रांगेत उभे राहावे लागते. त्याच्या दृष्टीने पाचशेच्या नोटेपेक्षा ते कार्ड मोलाचे असते.

पाकीट सापडले किंवा हरवले तर काय करावे?

सापडल्यास आतील कागदांवरून थेट मालकाशी किंवा संबंधित बँकेशी संपर्क साधावा. आधार कार्डाचा फोटो व्हॉट्सॲप गटांवर फिरवू नये, त्यातून गैरवापराचा धोका असतो. फक्त नाव आणि परिसर लिहावा, आणि विचारणा करणाऱ्याकडून आत काय होते ते वदवून घ्यावे. पोलिसांत दिल्यास नोंद करून घ्यावी.

हरवल्यास आधी कार्डे बंद करावीत, आधारचे बायोमेट्रिक लॉक करावे आणि हरवल्याची नोंद करावी. ‘पाकीट सापडले आहे, ओटीपी सांगा’ म्हणणाऱ्याला ओटीपी देऊ नये. आणि आजच एक काम करावे : एका चिठ्ठीवर घरच्या कोणाचा तरी मोबाइल क्रमांक लिहून ती पाकिटात ठेवावी. परत करू पाहणारे कमी नाहीत, अनेकदा त्यांच्यापाशी फक्त क्रमांक नसतो.