आज्जीचा स्वेटर, साठ डिग्री

रविवार सकाळ, आठवडाभराचे कपडे आणि मशीनच्या बटणावर माझा आत्मविश्वासू अंगठा. जीन्स, टॉवेल, सॉक्स आणि त्यांच्यातच चुकून (खरं तर आळसाने) आज्जीने विणलेला निळा स्वेटर. साठ डिग्री, नेहमीची पावडर. जो बाहेर आला तो शेजारच्या केजीतल्या पोराला मस्त फिट्ट झाला असता.

आज्जीला दाखवायची हिंमत व्हायला दोन आठवडे लागले. ती रागावली नाही. आमच्याकडे स्वेटर फेकायची पद्धतच नव्हती. लहान झाला की आज्जी तो उसवायची, लोकर धुऊन लड्या करायची आणि पुढच्या थंडीत मोठ्या मापाचा विणायची. तिने सवयीनेच टोक शोधून ओढलं. धागा हलेना. ‘याचा तर बुरणूस झाला रे!’ ती म्हणाली. म्हणजे उसवायचीही सोय गेली. आणि मोतीबिंदूनंतर ती आता पूर्ण स्वेटर विणत नाही.

मग मी अभ्यास केला. उशिराच, पण केला. लोकर म्हणजे शेवटी केसच. प्रत्येक तंतूवर कौलांसारखे बारीक खवले असतात. गरम साबणाच्या पाण्यात ते उघडतात, मशीनने घुसळलं की एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. शिवाय बऱ्याच पावडरींमधली एन्झाइम्स प्रोटीनचे डाग खातात. लोकरही प्रोटीनच की!

तुमचा ‘वुलन’ खरंच वुलन आहे का, हे आधी लेबलवर बघा. दर थंडीत तिबेटी विक्रेत्यांच्या स्टॉलवर मिळणारा, लुधियानाहून आलेला स्वेटर बऱ्याचदा अॅक्रिलिक असतो. लेबल नसेल तर आतल्या शिवणीतला एक धागा सिंकवर, चिमट्यात धरून जाळा. जळक्या केसांचा वास आला आणि राख चुरगळली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर अॅक्रिलिक, त्याचं एवढं टेन्शन नाही.

खऱ्या लोकरीला मात्र बादली. पाणी जेमतेम कोमट, तीसच्या आसपास. त्यात ईझीसारखं लोकरीचं लिक्विड, स्वेटर उलटा करून दहा मिनिटं. चोळायचं नाही, नुसतं दाबायचं. खळबळायला घ्याल ते पाणीही तेवढंच कोमट. उचलताना दोन्ही हात खालून, नाहीतर पाण्याच्या वजनाने बाह्या गुडघ्यापर्यंत येतात. पिळायचं अजिबात नाही! कोरड्या टॉवेलवर पसरा, पोळीच्या रोलसारखा गुंडाळा, वरून दाबा. मग सावलीत आडवा वाळवा. हँगर विसरा.

आणि दर वेळी धुवायची गरजही नसते. ऑफिसच्या एसीत घातलेल्या स्वेटरला रात्रभर खिडकीजवळ हवा लागली तरी पुरतं. फक्त थंडी संपताना कपाटात टाकण्याआधी जरूर धुवा. घामाचे, जेवणाचे डाग राहिले की कसर आधी तिथेच लागते. डांबराच्या गोळ्या नंतर.

या डिसेंबरात आज्जीने जाड सुयांवर मला मफलर विणून दिला. दोन ठिकाणी टाके सुटलेत, ते मी तिला सांगितलेलं नाही. काल तो पहिल्यांदा धुतला. गॅलरीत टॉवेलवर पसरतोय, तोच तिचा फोन.

‘पिळला नाहीस ना?’