तक्रारींची वही कोणती घ्यायची?

तुमच्या घरात कुणी सॉफ्टवेअरमध्ये असेल, तर ‘बग’ हा शब्द जेवणाच्या ताटावरसुद्धा ऐकला असेल. माझा भाचा झाशीला खंडेराव गेटजवळ राहतो. घराच्या वरच्या खोलीत तो आणि त्याचे तीन मित्र शाळांसाठी फी भरण्याचं ॲप करतात. मागच्या खेपेला गेले, तर चौघांचे चेहरे उतरलेले. एका शाळेत काही पालकांना एकाच फीच्या दोन पावत्या गेल्या होत्या, पैसेही दोनदा कापले गेले होते. शाळेच्या काउंटरवरच्या बाईंनी हे तीन आठवड्यांपूर्वीच व्हॉट्सॲपवर कळवलं होतं. तो मेसेज वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडला गेला. प्रत्येकाला वाटलं, दुसरा बघतोय. शाळेनं महिन्याची मुदत दिली होती, आणि तेच त्यांचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक.

“मावशी, एखादं सॉफ्टवेअर घ्यावं म्हणतोय. पण कुठलं?”

याला ‘इश्यू ट्रॅकर’ म्हणतात. म्हणजे तक्रारींची वहीच. प्रत्येक तक्रारीला एक नंबर, एक जबाबदार माणूस आणि ती सध्या कुठे अडली आहे याची नोंद. वहीची ही सवय जुनी आहे. 9 सप्टेंबर 1947 रोजी हार्वर्डच्या मार्क 2 संगणकात एक पतंग अडकलेला सापडला, तर तिथल्या लोकांनी तो चक्क नोंदवहीत चिकटवून ठेवला!

मुलांनी यादी केलीच होती. ‘बगझिला’ 1998 पासूनचं, मोझिलाचं, फुकट. ‘रेडमाइन’ 2006 चं, तेही फुकट. पण फुकट म्हणजे बिनकष्टाचं नव्हे. ही दोन्ही स्वतःच्या सर्व्हरवर बसवायची, बॅकअप आपणच घ्यायचा. चौघांत ते कोण करणार? मग ऑस्ट्रेलियातल्या ॲटलासियनचं 2002 मधलं ‘जिरा’. फोडणीच्या जिऱ्याशी त्याचा संबंध नाही. गॉडझिलाचं जपानी नाव ‘गोजिरा’, त्यातून ते आलं. (एवढ्या भयंकर राक्षसाला आपल्या कानाला इतकं गोजिरं वाटणारं नाव!) मोठ्या टीमला ते खूप उपयोगी पडतं, पण त्यात सोयी इतक्या, की नवख्यांचे आठवडे मांडामांडीतच जातात.

पुण्यात पंधरा वर्षं टेस्टिंग केल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. तुमच्यातला सगळ्यांत कंटाळाखोर माणूस दोन मिनिटांत जी तक्रार नोंदवू शकेल, ती वही घ्या. रकाने वाढले की लोक परत व्हॉट्सॲपवर जातात. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, कुठल्या फोनवर झालं आणि स्क्रीनचा फोटो, एवढं पुरे. आणखी एक तपासा: उद्या वही बदलायची झाली, तर सगळ्या नोंदी फाइलमध्ये बाहेर काढता येतात का? हे आधी कुणी बघत नाही, मीही एकदा बघितलं नव्हतं. दोन वर्षांच्या नोंदी हातानं उतरवल्या.

मुलांचा कोड गिटहबवर होताच. तिथे तक्रारींची सोय आयतीच असते. कोडमधल्या बदलाच्या नोंदीत तक्रारीचा नंबर लिहिला, की दोन्ही आपोआप जोडलं जातं. तेच घ्या म्हटलं. अडचण एकच, काउंटरवरच्या बाई गिटहबवर खातं उघडणार नाहीत. म्हणून ठरलं की व्हॉट्सॲपवर आलेली तक्रार त्याच दिवशी भाच्यानं वहीत चढवायची आणि बाईंना नंबर कळवायचा. नंबर मिळेपर्यंत तक्रार पोचली असं धरायचं नाही.

पहिला नंबर अर्थातच दोन पावत्यांचा. नेट मंद असलं की पालक बटण पुन्हा दाबत आणि सर्व्हर दोन्ही वेळा पैसे घेई. दुरुस्तीला अर्धा दिवस लागला. पालकांचे पैसे परत करायला मात्र नऊ दिवस.

शाळेचा निर्णय अजून व्हायचाय. पण परवा बाईंचा भाच्याला फोन आला, “सतरा नंबरचं काय झालं?”