मुडदा पाहिजेच काय ?

रहस्यकथा म्हटली कीं तींत निदान एक तरी मुडदा पडला पाहिजे, असा आग्रह धरणारा एक सुशिक्षित वर्ग आहे. अमेरिकन कादंबरीकार एस. एस. व्हॅन डाइन यानें १९२८ सालीं रहस्यकथेसाठीं जे वीस नियम घालून दिले, त्यांत तर हें स्पष्टच सांगितलें आहे. खुनाहून हलक्या गुन्ह्यासाठीं वाचकानें तीनशें पानांचे श्रम घ्यावे, हें त्याला मान्य नाहीं. आमच्या विद्वानांनीं हे नियम वाचले असोत वा नसोत, पाळतात मात्र ते निष्ठेनें. परवां आमच्या प्राध्यापकांच्या खोलींत एका तरुण सहकाऱ्यानें माझ्या हातांतील पुस्तक पाहून विचारलें, "सर, आपण मांजर हरवल्याची गोष्ट वाचतां ?" त्या स्वरांत कींव होती. ती मी येथें साभार परत करीत आहें.

तें पुस्तक म्हणजे एनिड ब्लायटन हिचें १९४४ सालचें 'द मिस्टरी ऑफ द डिसअपिअरिंग कॅट'. पांच मुलें, एक कुत्रा, आणि मुलांना हुसकावून लावण्यांतच कर्तव्याची परिपूर्ति मानणारा गून नांवाचा पोलीस, एवढी सामग्री. बक्षिसें मिळविणारें एक सयामी मांजर बंगल्याच्या पिंजऱ्यांतून नाहींसें होतें. पिंजऱ्याजवळ दिवसभर काम करीत होता तो ल्यूक, माळ्याच्या हाताखालचा एक गरीब पोरगा. तेव्हां चोर तोच ! त्याच्या हातची एक शिट्टीही पिंजऱ्यांत सांपडते. वडील मंडळींना आणखी काय पाहिजे ?

मुलांना मात्र आणखी पाहिजे असतें. चोरी ज्या वेळीं उघडकीस आली त्याच वेळीं ती झाली, हें कशावरून ? मांजर ओळखावयाचें तें शेपटीवरील कांहीं फिकट केसांवरून. परंतु अशी खूण रंगानें करतां येते, आणि टर्पेंटाईननें पुसतांही येते. म्हणजे मांजर आधींच बदललेलें होतें, आणि सर्वांच्या साक्षी खऱ्या असूनही निकाल खोटा होता. सर्वांनीं गृहीत धरलेल्या गोष्टीकडे पुन्हां पाहावयास लावणें, हें ज्याला पोरकट वाटतें त्यानें कृपा करून तर्कशास्त्राचा तास घेऊं नये.

कॉनन डॉइलच्या १८९२ सालच्या 'ब्लू कार्बंकल' या कथेंत तरी कोण मरतें ? नाताळच्या मेजवानीचा एक हंस ! तेथेंही आळ येतो तो नळ दुरुस्त करणाऱ्या एका माणसावर, कारण तो पूर्वीं एकदां शिक्षा भोगून आलेला असतो.

ब्लायटनबाईंची मी आरती ओवाळीत नाहीं. एका मजुरावरचा आळ त्या उतरवितात तो दुसऱ्या मजुराच्या माथीं. कारण खरा चोर निघतो तो ल्यूकचाच वरिष्ठ माळी. हें मला खटकतें. परंतु आळ कसा रचला जातो, हें त्यांनीं दहा वर्षांच्या मुलाला कळेल असें दाखविलें आहे. खून आपल्या घरीं होत नाहीं. आळ घेणें मात्र आपल्या घरीं, आणि तेंही बहुधा चहाच्या वेळीं, सहज चालतें.

आमच्या घरचें मांजर काहीं वर्षांपूर्वीं असेंच नाहींसें झालें. भांडीं घासावयास येणारा मुलगा दूध सांडल्याबद्दल त्या मांजरापायीं दोनदां बोलणीं खाऊन बसला होता. तेव्हां त्यानेंच तें कोठें तरी नेऊन सोडलें, असें ठरलें. मीं त्याला मारलें नाहीं, रागेंही भरलों नाहीं. फक्त शांतपणें विचारलें. शांतपणें विचारण्यांत आम्हां मास्तरांचा हात कोणी धरणार नाहीं. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाहीं. आठव्या दिवशीं माळ्यावरील जुन्या ट्रंकेमागें मांजर सांपडलें, चार पिलांसह. मीं त्या मुलाच्या घरीं निरोप पाठविला. उत्तर आलें नाहीं. त्या वेळीं माझ्या कपाटांत खुनाच्या दोन डझन कादंबऱ्या होत्या, आणि माळ्यावर चढून पाहावें, एवढेंही त्यांनीं मला सुचविलें नव्हतें. या प्रकरणाचीं तीनशें पानें व्हावयाचीं नाहींत, हें मात्र व्हॅन डाइनला कबूल करावयास मी तयार आहें.