मोठ्या टायरसाठी गाडी कापण्याआधी हे वाचा

"डॉक्टर, तेहेतीस इंची टायर टाकायचेत, पण घासतात. म्हणून मडगार्डचा पत्रा कापून घेणार आहे." असं सांगणारे तरुण हल्ली दवाखान्यात बरेच भेटतात. येतात कंबरदुखीसाठी किंवा बीपी तपासायला, आणि बोलता बोलता विषय गाडीवर जातो. कुणाकडे थार असते, कुणाकडे जिमनी. हौस असते आणि थोडे पैसे साठलेले असतात. इंटरनेटवर पाहिलेले फोटो तर असतातच.

आधी हा प्रकार काय असतो ते पाहू. प्रत्येक चाकाभोवती पत्र्याची कमान आणि तिच्या आत एक पोकळी असते. कंपनीच्या मापापेक्षा मोठा टायर बसवला की स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर किंवा खड्ड्यात चाक वर दाबलं गेल्यावर तो या पोकळीच्या कडांना घासतो. मग गॅरेजमध्ये आतलं प्लास्टिकचं अस्तर काढतात, पत्र्याची शिवण हातोड्यानं चेपतात, बंपरचा कोपरा आणि कमानीची कड ग्राइंडरनं कापतात. तरीही जागा पुरली नाही तर लिफ्ट किट बसवून गाडी उचलतात.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. रोजच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीवर असं 'ऑपरेशन' करू नका. मी इंजिनियर नाही. पण या कापाकापीची किंमत शेवटी कुणाच्या तरी पाठीला, गुडघ्याला, डोळ्याला किंवा डोक्याला मोजावी लागते, आणि ते माझ्या धंद्यातलं आहे.

ती मोकळी जागा कशासाठी असते?

तुमच्या खांद्यात वरचं हाड आणि खालचे स्नायूबंध यांच्यामध्ये जेमतेम सेंटिमीटरभर जागा असते. हात वर नेताना स्नायूबंध त्या जागेतून सरकतात. गाडीच्या चाकाभोवतीची पोकळी याच जातीची आहे. गाडी उभी असताना ती रिकामी, वाया गेलेली दिसते. पण ती उभ्या चाकासाठी ठेवलेलीच नसते. पूर्ण वळलेल्या, भरल्या गाडीखाली दबलेल्या, चिखल माखलेल्या चाकासाठी ती ठेवलेली असते. तिच्या आसपासच ब्रेकची रबरी नळी आणि एबीएसची वायर असते. टायर तिथे घासू लागला की इजा फक्त टायरला होईल, याची खात्री नसते.

खांद्याची उपमा मी उगाच दिलेली नाही. खांदा दुखतो म्हणून वरचं हाड तासून जागा वाढवण्याची शस्त्रक्रिया जगभर वर्षानुवर्षं होत होती. ब्रिटनमध्ये तिची रीतसर चाचणी झाली. काही रुग्णांचं हाड तासलं, काहींच्या खांद्यात दुर्बीण घालून फक्त पाहिलं. 'लॅन्सेट'मध्ये २०१८ साली ते निष्कर्ष छापून आले. दोन्ही गटांच्या वेदनेत आणि हालचालीत रुग्णाला जाणवेल असा फरक नव्हता. जागा कमी दिसते म्हणून कापून वाढवली, एवढ्यानं फायदा होतोच असं नाही, हे आम्ही डॉक्टर मंडळी अशा अभ्यासांतून शिकलो.

इंडिकेशन आहे का?

कुठलीही शस्त्रक्रिया करण्याआधी आम्ही विचारतो, इंडिकेशन काय? म्हणजे ती करण्यासाठी सबळ वैद्यकीय कारण आहे का? हाच प्रश्न गाडीला लावून पाहा.

आइसलँडमध्ये या कापाकापीला खरं कारण आहे. तिथे हिमनद्यांवर मऊ बर्फातून जावं लागतं. अडतीस इंचांचे किंवा त्याहून मोठे, रुंद टायर बसवून त्यांतली हवा अगदी कमी केली जाते, म्हणजे गाडीचं वजन मोठ्या क्षेत्रावर पसरतं आणि ती बर्फात रुतत नाही. त्यासाठी चाकाच्या कमानी कापून रुंद करतात. बचाव पथकंही अशाच गाड्या वापरतात, आणि बदललेल्या गाडीची अधिकृत तपासणी होते. इथे गरज आहे, ती भागवण्याचं शास्त्र आहे आणि वर देखरेखही आहे.

आता आपली गाडी पाहा. आठवड्याचे सहा दिवस हिंजवडी ते कोथरूड, महिन्यातून एकदा लोणावळा, पावसाळ्यात ताम्हिणी घाट. यातला सगळा रस्ता कंपनीच्या टायरवर होतो. शेताचा कच्चा रस्ता, चिखल, उथळ ओढा हेही या गाड्या मूळ मापावर पार करतात. त्यासाठीच त्या बनवल्या आहेत. मग उरतं ते दिसणं. दिसण्यासाठी खर्च करायला माझी हरकत नाही, पण त्याला गरज म्हणू नका.

थोडा हिशेब

थारचं एक मूळ माप २४५/७५ आर १६ आहे. त्या टायरचा व्यास साधारण ७७४ मिलिमीटर भरतो. त्याजागी हौशी लोक २८५/७५ आर १६ टाकतात. त्याचा व्यास सुमारे ८३४ मिलिमीटर, म्हणजे जवळपास पावणेआठ टक्के जास्त. चाकाच्या एका फेरीत गाडी तितकं जास्त अंतर कापते, पण स्पीडोमीटरला ते कळत नाही. काटा ८० दाखवतो तेव्हा हिशेबानं गाडी ८६ वर असते. मूळचे काटे सहसा थोडा जास्त वेग दाखवतात, ही सुरक्षिततेसाठी ठेवलेली सवलत असते. ती इथेच खर्च होते.

धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ८० ऐवजी ८६ म्हणजे सुमारे १६ टक्के जास्त ऊर्जा. ब्रेक मात्र तेच जुने, आणि थांबवायची चाकं पूर्वीपेक्षा मोठी आणि जड.

आत बसणाऱ्यांच्या तब्येतीवर काय परिणाम होतो?

पहिला मुद्दा पाठीचा. बसलेल्या माणसाचा कणा दर सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना सर्वात जास्त साथ देतो. म्हणजे त्या पट्ट्यातला धक्का शरीरात विरत नाही, उलट वाढतो. ट्रॅक्टर, ट्रक आणि खोदकामाची यंत्रं चालवणाऱ्यांत कंबरदुखी जास्त आढळते, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. जाड भिंतीचा, जड मड टायर चिखलात हवा कमी करून चालवला तर ठीक. पण डांबरी रस्त्यावर पूर्ण हवेनिशी तो कडक राहतो. स्प्रिंगच्या खालचं वजन वाढल्यामुळे प्रत्येक स्पीडब्रेकर जास्त जाणवतो. ज्यांच्या मणक्यातली चकती आधीच सरकलेली आहे, त्यांनी हा प्रयोग करूच नये.

दुसरा मुद्दा आईवडिलांचा, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. टायरच्या त्रिज्येमुळे गाडी ३० मिलिमीटर वर गेली. दोन इंची लिफ्ट किटनं आणखी ५० मिलिमीटर. एकूण तीन इंचांहून जास्त. तुम्हाला ती उंची कळणारही नाही. पण सत्तरीतल्या, गुडघे झिजलेल्या आईला ती पायरी चढताना दुखऱ्या गुडघ्यावर सगळा भार घ्यावा लागतो. उतरताना तर पाय जमिनीला टेकण्याआधीच तोल जातो. या वयात हाडं ठिसूळ असली तर एवढ्याशा पडण्यानंही खुब्याचं हाड मोडतं, आणि खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर बरेच वृद्ध पूर्वीसारखे चालू शकत नाहीत. गाडी घरातल्या सगळ्यांची असेल तर निर्णयही सगळ्यांना विचारून घ्या.

तिसरा मुद्दा आवाजाचा. मड टायरची मोठी खाच हायवेवर सतत घुमते. यानं बहिरेपण येतं असं मी म्हणणार नाही, पण तासन् तास त्या घुमण्यात चालवणारा लवकर थकतो, आणि थकलेला चालक उशिरा ब्रेक मारतो.

आणि बाहेर असणाऱ्यांच्या?

२०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची आणि जवळजवळ २० टक्के पायी चालणारी होती. गाडीची उंची आणि टायरची रुंदी ठरवताना या लोकांचा विचार करावा लागतो.

अमेरिकेतल्या 'इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी' या संस्थेनं पादचाऱ्यांच्या सुमारे १८ हजार अपघातांचा अभ्यास करून २०२३ मध्ये निष्कर्ष मांडला. बॉनेटची पुढची कड ४० इंचांपेक्षा उंच असलेल्या गाडीच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता, ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त. कारण सरळ आहे. बुटकी गाडी पायाला लागते, माणूस बॉनेटवर पडतो. पाय मोडतो, पण जीव वाचण्याची संधी राहते. उंच गाडी थेट छाती-पोटावर आदळते आणि माणसाला खाली पाडते. सहा-सात वर्षांचं मूल साधारण ११५ ते १२० सेंटिमीटर उंच असतं. त्याच्या बाबतीत तो आघात डोक्यावर किंवा मानेवर होतो. शिवाय बॉनेटच्या अगदी पुढ्यात उभं असलेलं एवढंसं मूल चालकाला दिसतही नाही. उंच गाडी आणखी तीन इंच वर नेताना हे लक्षात ठेवा.

आतलं अस्तर काढलं आणि टायर बॉडीच्या बाहेर आला की चिखल आणि खडी अडवायला काही राहत नाही. मागच्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यात ती खडी जाते. हेल्मेटची काच वर करून चालवणारे किती आहेत, ते तुम्ही रोज पाहता.

ग्राइंडर धरणारा मुलगा

या सगळ्यात एका माणसाचा विचार कुणीच करत नाही. पत्रा कापणारा गॅरेजमधला अठरा-वीस वर्षांचा मुलगा. बहुतेक वेळा त्याच्या डोळ्यांवर गॉगल नसतो. ग्राइंडरची ठिणगी म्हणजे तापलेला लोखंडाचा कण. तो बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रुततो आणि एक-दोन दिवसांत भोवती गंजाचं कडं धरतो. गॅरेजमध्ये सोबती तो रुमालाच्या टोकानं किंवा काडीनं काढतात. त्यातून जखम चिघळते, फूल पडतं, नजर कायमची अधू होऊ शकते. डोळ्यात कण गेला तर चोळू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. कण डोळ्याच्या आत घुसल्याची शंका असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, कारण अशा रुग्णाचा एमआरआय करणं धोक्याचं असतं.

जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर बंद जागेत वेल्डिंग केलं तर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग दुखतं. धातूच्या धुराचा हा ताप एक-दोन दिवसांत उतरतो, म्हणून तो 'व्हायरल' समजून सोडून दिला जातो. काम कुठेही करून घ्या, पण त्या मुलाच्या डोळ्यांवर गॉगल आणि तोंडावर योग्य मास्क आहे का, हे पाहणं तुमचंही काम आहे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विम्याच्या दाव्यातही अडचण येऊ शकते. हाच कायदा दिव्यांग चालकासाठी गाडीत बदल करण्याची सोय देतो. पायानं ब्रेक दाबता न येणाऱ्या माणसाला हातानं चालवायची यंत्रणा बसवणं, याला मी इंडिकेशन म्हणतो.

मग हौस कशी भागवायची?

- कंपनीनं तुमच्या मॉडेलसाठी मान्य केलेल्या मापातच राहा. त्याच मापात ऑल-टेरेन टायर मिळतात. पकड वाढते आणि पत्रा कापावा लागत नाही.
- टायरमधली हवा महिन्यातून किमान एकदा, टायर थंड असताना तपासा.
- ऑफ-रोडिंगची आवड असेल तर आधी प्रशिक्षण घ्या. चिखलात अडकण्याचं कारण बरेचदा टायर नसतो, चालवणारा असतो.
- पत्रा आधीच कापलेला असेल तर पूर्ण वळवून, गाडी भरून टायर कुठे घासतो का, ब्रेकची नळी मोकळी आहे का, हे जाणकाराकडून तपासून घ्या. शक्य असेल तर मूळ माप परत बसवा. कापलेली कड गंजू देऊ नका.
- घरात गुडघेदुखीचे किंवा वृद्ध असतील तर पायदान आणि धरायला हँडल बसवून घ्या. यावरचा खर्च मी आनंदानं मंजूर करेन.

गाडीचा आनंद जरूर घ्या. घाटात जा, धुक्यात थांबून चहा प्या. फक्त ग्राइंडर सुरू करायला सांगण्याआधी एकदा स्वतःला विचारा: मला नेमकं काय साधायचंय, आणि ते न कापता साधतं का? बहुतेक वेळा साधतं. शस्त्रक्रियेच्या बाबतीतही माझा हाच अनुभव आहे.