रक्तातील बुरशीचा संसर्ग आणि तुमचे आयुष्मान कार्ड : आयसीयूत दिवस वाढतात तेव्हा काय विचारावे

थोडक्यात
- आयसीयूत असलेल्या रुग्णाच्या रक्तात बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. यातील काही बुरशींवर नेहमीची औषधे चालत नाहीत.
- या आजाराचे निदान व उपचार आयुष्मान कार्डावर सूचीबद्ध रुग्णालयात कॅशलेस होतात. मात्र दिवस वाढले की विमा रक्कम वेगाने संपते.
- तपासणी अहवालावर बुरशीचे नाव आणि तारीख पाहा. रुग्णाला दुसऱ्या रुग्णालयात नेताना हा अहवाल सोबत ठेवा.

ही कोणती बुरशी?

हा मजकूर मराठीत लिहिताना पहिली अडचण ‘बुरशी’ या शब्दाचीच आली. बुरशी म्हटले की आपल्याला शिळ्या भाकरीवरची बुरशी किंवा अंगावरचा नायटा आठवतो. २०२१ नंतर अनेकांना ‘काळी बुरशी’ही आठवते. येथे सांगितलेला आजार या तिन्हींहून वेगळा आहे. ‘कॅन्डिडा’ नावाची सूक्ष्म बुरशी आपल्या तोंडात, आतड्यात आणि त्वचेवर एरवीही असते व त्रास देत नाही. तीच रक्तात उतरली तर जिवावर बेतू शकते.

भिलाई-दुर्गमध्ये रुग्णालयाचे कागद हिंदीत किंवा इंग्रजीत असतात. त्यावर ‘फफूंद’, ‘फंगल सेप्सिस’, ‘कॅन्डिडीमिया’ किंवा ‘यीस्ट’ असे काही लिहिलेले दिसले, तर विषय हाच आहे असे समजा आणि डॉक्टरांना विचारा.

धोका कोणाला?

निरोगी माणसाला हा आजार सहसा होत नाही. धोका पुढील रुग्णांना जास्त असतो :
- आयसीयूत किंवा व्हेंटिलेटरवर असलेले
- मानेतील किंवा मांडीतील मोठ्या शिरेत नळी (सेंट्रल लाइन) घातलेले
- बरेच दिवस प्रतिजैविके (अँटिबायोटिक) किंवा स्टिरॉइड घेत असलेले
- पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेले, डायलिसिसवर असलेले, कर्करोगाचे उपचार घेणारे
- कमी वजनाची नवजात बाळे

प्रतिजैविके जीवाणूंना मारतात, बुरशीला नाही. शरीरातील उपयोगी जीवाणू कमी झाले की बुरशीला जागा मिळते. त्यात शिरेतील नळीमुळे तिला थेट रक्तात जाण्याची वाट सापडते.

भारतातील परिस्थिती

एप्रिल २०११ ते सप्टेंबर २०१२ या काळात देशातील २७ आयसीयूंमध्ये मोठा अभ्यास झाला. त्यात आयसीयूत दाखल झाल्यानंतर रक्तात कॅन्डिडा सापडलेल्या १,४०० रुग्णांची नोंद झाली. निम्म्या रुग्णांमध्ये हा संसर्ग दाखल झाल्यापासून साधारण आठ दिवसांतच दिसला. तीस दिवसांत ४४.७ टक्के रुग्ण दगावले. हे रुग्ण मुळातच गंभीर असल्याने सगळे मृत्यू केवळ बुरशीमुळे झाले असे म्हणता येत नाही. तरीही हा आकडा हलक्यात घेण्यासारखा नाही.

याच १,४०० पैकी ७४ रुग्णांमध्ये ‘कॅन्डिडा ऑरिस’ ही बुरशी होती, आणि ती २७ पैकी १९ आयसीयूंमध्ये सापडली. २००९ मध्ये जपानमधील एका रुग्णाच्या कानात ती प्रथम ओळखली गेली. लॅटिनमध्ये ‘ऑरिस’ म्हणजे कान, त्यावरून हे नाव पडले. २००९ ते २०११ दरम्यान दिल्लीतील दोन रुग्णालयांत १२ रुग्णांमध्ये ती आढळल्याचे संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१७ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआर) तिच्याविषयी रुग्णालयांना सूचना दिल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १९ धोकादायक बुरशींची यादी काढली, तेव्हा सर्वात वरच्या गटातील चार बुरशींमध्ये तिचा समावेश झाला.

कॅन्डिडा ऑरिसच्या तीन गोष्टी लक्षात ठेवा. फ्लुकोनॅझोल हे नेहमीचे औषध तिच्यावर बहुतेक वेळा चालत नाही. साध्या तपासणीत ती दुसऱ्याच बुरशीच्या नावाने नोंदली जाऊ शकते. आणि ती खाटेचा कठडा, रक्तदाबाचा पट्टा अशा वस्तूंवर अनेक दिवस टिकते, त्यामुळे एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाते.

कार्डावर किती दिवस निघतात?

आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. ही रक्कम माणशी नसून संपूर्ण कुटुंबासाठी आहे. छत्तीसगडमध्ये शहीद वीर नारायण सिंह आयुष्मान स्वास्थ्य योजनेत अंत्योदय व प्राधान्य रेशनकार्डधारकांना ५ लाख, तर इतर रेशनकार्डधारकांना ५० हजार रुपयांपर्यंत मदत आहे.

शस्त्रक्रियेशिवायच्या उपचारांत रक्कम खाटेच्या प्रकारानुसार दर दिवशी धरली जाते. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राने दर सुधारल्यानंतर व्हेंटिलेटरसह आयसीयूचा दर दिवसाला ९,००० रुपये झाला. राज्ये हे दर आपल्याप्रमाणे बदलू शकतात. पण या दराने हिशेब करून पाहा :

- ३० दिवस : २ लाख ७० हजार रुपये, म्हणजे ५ लाखांच्या निम्म्याहून अधिक
- ५० हजारांची मर्यादा : साडेपाच दिवसांत पूर्ण

रक्तातून बुरशी गेल्याचे तपासणीत दिसल्यावरही औषध साधारणपणे आणखी १४ दिवस द्यावे लागते. म्हणजे निदान चार दिवस उशिरा झाले, तर ते चार दिवसही कुटुंबाच्या रकमेतूनच जातात. घरात वर्षभरात दुसरे कोणी आजारी पडले, तर त्याच्यासाठी तेवढे कमी उरते.

योजनेची उणीव इथेच दिसते. कार्ड खाटेचे पैसे देते, प्रयोगशाळा उभी करत नाही. रक्तकल्चर करून बुरशीचे नेमके नाव आणि तिच्यावर चालणारे औषध सांगण्याची सोय प्रत्येक सूचीबद्ध रुग्णालयात नसते. दर दिवसांवर ठरतो. संसर्ग किती लवकर ओळखला किंवा तो होऊच दिला नाही, यावर ठरत नाही. रुग्णालयात लागलेल्या संसर्गाचा भार कुटुंबाच्या विमा रकमेवर पडू नये, यासाठी संसर्ग-नियंत्रण आणि कल्चर तपासणी या सूचीबद्ध होण्याच्या ठळक अटी असायला हव्यात. ते होईपर्यंत योग्य प्रश्न वेळेवर विचारणे, एवढे तुमच्या हातात आहे.

डॉक्टरांना काय विचारावे?

प्रतिजैविके चालू असूनही ताप उतरत नसेल, तर शांतपणे विचारा :
१. रक्तकल्चर पाठवले आहे का? कोणत्या तारखेला?
२. बुरशी सापडली असेल तर तिचे नाव काय? कोणते औषध तिच्यावर चालते, हे तपासले का?
३. शिरेतील नळी आता काढता किंवा बदलता येईल का?
४. रक्त पुन्हा कधी तपासणार?
५. ही तपासणी येथे होत नसेल, तर नमुना कुठे पाठवणार?

पहिल्या कल्चरमध्ये काही दिसले नाही म्हणून बुरशी नाहीच, असे नसते. निर्णय डॉक्टरच घेतील, पण प्रश्न विचारणे हा तुमचा हक्क आहे.

औषध बाहेरून आणायला सांगितले तर?

बुरशीवरील इंजेक्शने महाग असतात. २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या साथीत अ‍ॅम्फोटेरिसिन-बी मिळवण्यासाठी नातेवाईकांची किती धावपळ झाली, ते आपण पाहिले आहे. त्या वेळी वर्ध्यातील एका कंपनीत उत्पादन सुरू करावे लागले होते. रक्तातील कॅन्डिडासाठीही काही वेळा हेच इंजेक्शन वापरतात.

मंजूर पॅकेजमध्ये खाट, तपासण्या आणि औषधे येतात. सुट्टी झाल्यानंतरची १५ दिवसांची औषधेही त्यात धरली आहेत. औषध किंवा तपासणी स्वतःच्या पैशाने करायला सांगितल्यास :
- आधी रुग्णालयातील आयुष्मान काउंटरवर सांगा आणि मागणी लेखी घ्या.
- पैसे द्यावेच लागले तर पक्के बिल व डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा.
- १४५५५ वर तक्रार नोंदवा. छत्तीसगडमध्ये १०४ वरही बोलता येते.

रायपूर किंवा नागपूरला हलवताना

भिलाईतील अनेक मराठी कुटुंबे गंभीर रुग्णाला रायपूरला किंवा नातेवाईक असलेल्या नागपूरला नेतात. आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातील सूचीबद्ध रुग्णालयातही चालते. पण केवळ राज्याच्या मदतीत असलेल्या कुटुंबांनी आधी चौकशी करावी. निघण्यापूर्वी कल्चर अहवालाची प्रत, चालू औषधांची यादी आणि कार्डावर उरलेली रक्कम लिहून घ्या. रुग्णाला बुरशीचा संसर्ग आहे, हे नव्या रुग्णालयाला पोहोचताक्षणी सांगा. हे लपवले तर शेजारच्या खाटेवरील रुग्ण धोक्यात येतो.

सोबत राहणाऱ्यांनी

- रुग्णाला हात लावण्यापूर्वी आणि नंतर साबणाने किंवा सॅनिटायझरने हात स्वच्छ करा. डॉक्टर-नर्सनाही आठवण करून द्यायला संकोचू नका.
- रुग्णाच्या खाटेवर बसू नका. त्याच्या वस्तू दुसऱ्या रुग्णाला देऊ नका.
- घरी आल्यावर रुग्णाला वाळीत टाकू नका. निरोगी घरच्यांना धोका फार कमी असतो. हात धुण्याची सवय पुरेशी आहे.
- औषधांच्या दुकानातून मनाने प्रतिजैविक, स्टिरॉइड किंवा फ्लुकोनॅझोल घेऊ नका. पाकिटावरील लाल रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घ्यायचे नाही.

रुग्णालयात जाण्याची वेळ येण्यापूर्वीच आपले कार्ड चालू आहे का, त्यावर किती रक्कम शिल्लक आहे आणि घरातील सर्वांची नावे त्यात आहेत का, हे तपासून ठेवा.