जुनी स्पोर्ट्‌स गाडी आणि मिस्त्रीची वही

जुनी गाडी गॅरेजच्या दारात आली की पहिला प्रश्न ठरलेला : किती चालली आहे? आकडा मोठा निघाला की मिस्त्री मान हलवतो आणि मालक खिसा चाचपतो. आमच्या मते हा प्रश्नच अपुरा आहे. गाडी कशी सांभाळली आणि त्याची लेखी नोंद कुठे आहे, हे आधी विचारले पाहिजे.

अमेरिकेतील अर्व्ह गॉर्डन यांचे उदाहरण आमच्या कारागीर बांधवांनी लक्षात घेण्यासारखे आहे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचे हे विज्ञानाचे शिक्षक. १९६६ साली त्यांनी व्होल्वो कंपनीची पी-१८०० एस ही दोन दारांची स्पोर्ट्‌स गाडी सुमारे ४,१५० डॉलरला घेतली. त्यांचा जवळजवळ वर्षाचा पगार त्यात गेला. नोकरीसाठी रोजचे जाणे-येणे १२५ मैल! १९८७ साली गाडीने १० लाख मैल पूर्ण केले, २००२ साली २० लाख, आणि सप्टेंबर २०१३ मध्ये अलास्कात ३० लाख. नोव्हेंबर २०१८ मध्ये गॉर्डन वारले तेव्हा काटा ३२ लाख मैलांच्या पुढे, म्हणजे ५१ लाख किलोमीटरच्या वर गेला होता. गिनेस बुकात या विक्रमाची नोंद आहे.

यात जादू काहीच नव्हती. दर तीन-साडेतीन हजार मैलांना ऑईल बदली, कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे सर्व्हिसिंग, अस्सल सुटे भाग, आणि नवा आवाज आला की त्याच वेळी तपासणी. इंजिन पहिल्यांदा खोलले ते सुमारे ६ लाख ८० हजार मैलांनंतर. १.८ लिटरचे, चार सिलिंडरचे, बिडाच्या ब्लॉकचे, पाच बेअरिंगवर फिरणाऱ्या क्रँकचे हे इंजिन मुळात दणकट, हे खरे. पण त्यात आपल्या उस्तादांना परके वाटावे असे काही नाही. त्यावरचा एस.यू. कार्बोरेटर आपल्या जुन्या अ‍ॅम्बॅसॅडरवरही येत असे.

अशी गाडी इंजिनाने क्वचित मरते. ती मरते गंजाने. या व्होल्वोला वेगळी चेसिस नाही, पत्र्याचा सांगाडा हीच चेसिस. दाराखालची पट्टी आणि फरशी आतून सडली की गाडी मधोमध बसते आणि दारे लागेनाशी होतात. आपल्याकडे कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत कोणत्याही जुन्या गाडीची हीच गत होते. अशा वेळी सडक्या पत्र्यावर लांबी थापून वर चकचकीत रंग मारणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, ती गिऱ्हाइकाची फसवणूक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. निरोगी पत्रा लागेपर्यंत कापायचे, त्याच जाडीचा पत्रा वेल्ड करायचा आणि पोकळीत गंजरोधक मेण सोडायचे. ही गाडी १९६१ ते १९७३ या काळात पन्नास हजारांपेक्षा कमी बनली. अशा गाडीचा पत्रा हातोडी-डॉलीने घडवू शकणाऱ्या डेंटरने आपला मेहनताना मान वर करून मागावा.

गिऱ्हाईक आधी रंगाची घाई करते, हे आम्ही जाणतो. त्याला नम्रपणे सांगावे की आधी ब्रेक, मग पेट्रोलच्या नळ्या, मग रेडिएटर, मग इंजिन. रंग सर्वांत शेवटी. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरची वॉशरे त्याने खराब होतात, म्हणून इथेनॉल सोसणारी नळीच बसवावी. ऑईलचेही तसेच. जुन्या धाटणीच्या टॅपेटला जस्तयुक्त ऑईल लागते, आणि आजच्या बऱ्याच ऑईलमध्ये जस्त कमी केलेले असते. स्पेअर पार्टच्या दुकानदारांनी हा माल ठेवायला हरकत नाही.

आता कायद्याकडे वळू. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांवरील दुचाकी-चारचाकीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. आपल्याकडे जुन्या पेट्रोल गाडीत डिझेल इंजिन बसवण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्या होती. पेट्रोलचा खर्च परवडत नव्हता, म्हणून त्या काळी ते शहाणपणाचेही होते. पण आज तीच करामत केली तर गिऱ्हाइकाचा ‘व्हीए’ नंबर हातचा जाईल, आणि गाडीची किंमतही. मूळ इंजिन बोअर करून, नव्या रिंगा टाकून वाचवणारा मिस्त्री इथे जास्त कमावेल.

नव्या गाड्या कंपनीच्या वर्कशॉपात, कॉम्प्युटरच्या तारा जोडून दुरुस्त होतात; तिथे आमच्या गल्लीतल्या गॅरेजला जागा कमी उरली आहे. जुन्या गाडीचे काम मात्र अजून हातावर चालते. हुन्नर आपल्याकडे आहे, उणीव आहे ती कागदाची. हौशी मालक पैसे द्यायला तयार असतो. त्याला पुरावा हवा असतो. म्हणून प्रत्येक गाडीची वेगळी वही घालावी : तारीख, किलोमीटर, बदललेल्या भागाचा नंबर, ऑईलचा ग्रेड, चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन. पत्रा कापण्याआधीचा आणि वेल्डनंतरचा फोटो मोबाईलवर फुकट निघतो, तोही त्यात लावावा. बिलात सुट्या भागांचे पैसे आणि मजुरी वेगळी दाखवावी. वहीची एक प्रत मालकाला द्यावी आणि एक गॅरेजात ठेवावी. गाडी विकली गेली तरी नवा मालक ती प्रत घेऊन त्याच दारात येईल.